बेघरांसाठीचा पैसा : वाचकांच्या शंका

प्रश्न : शहरे बेघरांवर दरवर्षी अधिक पैसे खर्च करतात, तरी रस्त्यावर झोपणारी माणसे कमी होताना दिसत नाहीत. पैसा मुरतो कुठे?

उत्तर : काही वेळा तो खरोखरच मुरतो, पुष्कळदा त्याचा माग कोणी ठेवलेला नसतो. कॅलिफोर्निया राज्याने पाच वर्षांत या कामासाठी सुमारे 24 अब्ज डॉलर दिले, आणि त्यातून नेमके काय साधले याची सातत्याने नोंद राज्याने ठेवलेली नाही, असे 2024 मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी म्हटले. मात्र हिशेब चोख असला तरी आपला प्रश्न उरतोच, कारण ज्या वर्षी काही हजार माणसांना घर मिळते, त्याच वर्षी तितकीच माणसे नव्याने घराबाहेर पडलेली असू शकतात. भाडे थकते, नोकरी जाते, घरात मारहाण होते, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून सुटल्यावर जायला जागा नसते. व्यसने आणि मनोविकार सगळ्याच शहरांत असतात. बेघरांचे प्रमाण मात्र जिथे भाडी चढी आणि रिकामी घरे थोडी, तिथे जास्त आढळते. थकलेले दोन महिन्यांचे भाडे भरून एखाद्या कुटुंबाला आहे त्या घरात राहू देणे निवाऱ्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते, पण अशा खर्चाच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही, म्हणून तो अंदाजपत्रकात मागे राहतो.

प्रश्न : व्यसन सोडण्याची अट न घालता थेट घर देणे म्हणजे बेशिस्तीला बक्षीस नव्हे का?

उत्तर : ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर अनुभवानेच द्यावे लागते. ‘आधी घर’ ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये 1992 मध्ये सुरू झाली. कॅनडाने पुढे पाच शहरांत सुमारे 2,000 बेघर मनोरुग्णांवर तिची रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काहींना घर आणि सोबत सेवा दिली, बाकीच्यांना नेहमीच्याच सेवा मिळाल्या. ज्यांना घर मिळाले ते घरात टिकून राहण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. व्यसन कमी होण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. तेव्हा ‘घर दिले की व्यसन सुटते’ असे सांगणारे समर्थक अतिशयोक्ती करतात, आणि ‘व्यसनी माणूस घरात टिकत नाही’ म्हणणारे विरोधकही चुकतात. खर्चाचे म्हणाल, तर रुग्णालय, पोलीस आणि कोठडी यांच्या फेऱ्यांत सतत अडकलेल्या माणसांच्या बाबतीत तो भरून निघतो. इतरांच्या बाबतीत अंशतःच. फिनलंडने 2008 पासून हेच धोरण देशभर राबवले. हेलसिंकीतील जुन्या रात्रनिवाऱ्यांचे रूपांतर स्वतंत्र सदनिकांत झाले. तिथे राहणाऱ्याच्या नावे भाडेकरार असतो आणि तो भाडेही भरतो, म्हणून याला बक्षीस म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : पदपथावरचे तंबू सरळ हटवून टाकले तर?

उत्तर : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल दंड करण्यास शहरांना मोकळीक दिली, त्यामुळे तिथे हा प्रश्न आता कायद्यापेक्षा व्यवहाराचा झाला आहे. तंबू उचलणाऱ्या गाडीत अंथरुणाबरोबर बहुधा एक पिशवीही जाते. तिच्यात ओळखपत्र, औषधे आणि मदत करणाऱ्या कार्यकर्त्याचा फोन नंबर असतो. ओळखपत्र नाही म्हणून घराचा अर्ज अडतो, आणि माणूस दोन रस्ते पलीकडे जाऊन बसतो. जायला घर तयार असेल तर वस्ती हटवता येते. ह्यूस्टन शहराने अनेक संस्थांना एकाच यादीवर कामाला लावले, खासगी घरमालकांकडून रिकाम्या सदनिका मिळवल्या, आणि 2011 नंतरच्या दशकात बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली.

प्रश्न : आपल्या शहराच्या अहवालात सामान्य नागरिकाने काय पाहावे?

उत्तर : एका रात्रीच्या मोजणीचा आकडा पाहावा, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये तो 7,71,480 होता, आणि त्यात नातलगांच्या घरी कोपऱ्यात दिवस काढणारे धरलेले नव्हते. त्यापेक्षा वर्षभरात नव्याने किती जण बेघर झाले, किती जण कायमच्या घरात गेले आणि त्यांतले किती परत आले, हे विचारावे. निवाऱ्याच्या 200 खाटा वर्षभर भरलेल्या होत्या, असे अहवालात अभिमानाने लिहिलेले असते. वर्षअखेरीस त्यांवर झोपणारी माणसे वर्षाच्या सुरुवातीचीच होती का, हे त्यात लिहिलेले नसते.