गिअरची की ऑटोमॅटिक?

प्रश्न : मुलीला १८ पूर्ण झाली. घरची गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लास कुठल्या गाडीवर लावावा? – एक पालक, कोथरूड

उत्तर : गिअरच्याच. लायसन्स दोन्हींना एकच, पण गिअरची शिकली की दोन्ही चालवता येतात. शिकायला, शिकाऊ लायसन्सनंतर पक्क्या टेस्टपर्यंत, किमान ३० दिवस मिळतातच.

खरी अडचण चढावर. कात्रज घाटात गाडी बंद पडते, ती क्लच (डाव्या पायाचं पेडल) झटकन सोडल्याने; मागे घरंगळते, ती क्लच पकडण्याआधीच ब्रेक सोडल्याने. हँडब्रेक ओढून क्लच सावकाश सोडायचा. इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित उचललं की पाय तिथेच रोखायचा, थोडा ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली.

नंतर घरच्या गाडीवर डावा पाय बाजूला टेकवूनच ठेवू दे. सवयीने तो ऑटोमॅटिकमध्ये नसलेला क्लच शोधतो, सापडतो रुंद ब्रेक, आणि मागचा रिक्षावाला पुणेरी भाषेत बोलतो! शिवाय ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) ब्रेक सोडताच गाडी आपोआप पुढे सरकते.