बातमीतला आकडा आणि नावापुढचे ‘यांनी’

प्रश्न : आमच्या साप्ताहिकात कुणी ‘३ जण’ लिहितो, कुणी ‘तीन जण’. नऊपर्यंत अक्षरी आणि दहापासून अंकी हा इंग्रजी वृत्तपत्रांचा नियम मराठीत लावावा का?

लावा, पण डोळे मिटून नको. माणसे मोजायला मराठीत वेगळे शब्द आहेत : दोघे, तिघे, चौघे, बायका असतील तर दोघी, तिघी, चौघी. ‘४ महिला जखमी’पेक्षा ‘चौघी जखमी’ हा मथळा आटोपशीर. दहाच्या पुढे अंकच बरे. ‘एकोणसत्तर’ आणि ‘अठ्ठ्याहत्तर’ला लिहिणारा अडतो, वाचणाराही. वय, तारीख, धावा, टक्के, रक्कम मात्र एकअंकी असली तरी अंकांतच द्या. एका वाक्यात ‘आठ शाळा आणि १२ अंगणवाड्या’ आले, तर दोन्ही अंकी करा. वाक्य अंकाने सुरू करू नये, ही अट आपल्याला लागू करायचे कारण नाही. आपल्याकडे वाक्याचे पहिले अक्षर मोठे नसतेच.

सर्वांत जास्त चुका अंकानंतरच्या शब्दात होतात. ‘२० हजार रुपयाचा दंड’ चूक, ‘रुपयांचा’ हवे. अंक दिसला की अनेकवचनाचा अनुस्वार तपासा. ‘दीड लाख’ म्हणजे नेमके १,५०,०००. आकडा १,४३,००० असेल तर तोच छापा. आणि व्याजदर ५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेला, तर ती ‘२ टक्के वाढ’ नव्हे. वाढ ४० टक्के आहे. ‘५ वरून ७ टक्के’ एवढे लिहिले की गोंधळच उरत नाही.

प्रश्न : परदेशी वृत्तसंस्थेच्या मजकुरातले ‘बिलियन’ कसे लिहावे?

१ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. घोळ दशांशात होतो : २.५ बिलियन म्हणजे २५० कोटी, २५ नव्हे. ‘अब्ज’ चूक नाही, पण वाचक कोटींत मोजतो. स्वल्पविरामही बदला : 2,500,000 तसेच न चिकटवता २५,००,००० लिहा.

प्रश्न : ‘नागपूरात’ की ‘नागपुरात’? आणि आरोपीसाठी ‘याने’ की ‘यांनी’?

गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : नागपूर, नागपुरात, कोल्हापुरातून. ‘नागपूरमध्ये’, ‘नागपूरला’ यांत सामान्यरूप होत नाही, म्हणून तिथे दीर्घच.

‘पाटील यांचा सत्कार’ आणि ‘पाटील याला अटक’ ही सवय मात्र मोडायला हवी. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. न्यायालयाच्या आधी एकवचनाने आपणच निकाल देतो. प्रौढ व्यक्तीला, मग ती आरोपी असो वा फिर्यादी, सरसकट ‘यांनी, यांना’ वापरा. लैंगिक अत्याचाराची बळी मूल असेल, तर नावच नको. ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम २३ नुसार पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा आणि परिसरही छापता येत नाही. नाव गाळून ‘गावातल्या पोस्टमनची मुलगी’ लिहिले, तरी ओळख उघड झालीच.