जुनी जे/२४ घेताना आधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की स्वस्तात मिळणारी जुनी जे/२४ (एक शिडाची रेसिंग बोट) घेऊन रेसिंग सुरू करायचंय, तर शिडांवर खर्च करू की बोटीवर. आधी बोटीवर, आणि तिच्यातही बाल्सा लाकडाच्या गाभ्यावर.

रॉड जॉन्स्टनच्या या २४ फुटी डिझाइनच्या पाच हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या. वन-डिझाइन म्हणजे ढाचा, कील (तळाखालचं जड पातं), डोलकाठी, शिडांची मापं सगळ्यांना सारखी. पण बांधणी दोन फायबरग्लास थरांत बाल्सा लाकडाचा गाभा अशी आहे. एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की गाभा कुजतो, बोट जड आणि लवचिक होते. मग शिडं कितीही नवी असोत, ती मागेच राहते.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने डेक ठोकत जा. कोरड्या जागी कणखर आवाज येतो, कुजलेल्या जागी 'धप'. चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला अडकतात त्या पट्ट्या), विंच (दोर ओढायचं चक्र), रेलिंगच्या खांबांची बुडं आणि डोलकाठी डेकमधून आत जाते ती जागा, इथे हात आखडू नका. थोडासाच ओलावा असेल तर ६ मिमीचं भोक १२ मिमीचं करायचं, पूर्ण वाळवायचं, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं आणि त्यातच पुन्हा ६ मिमी पाडायचं. नुसता सिलिकॉन थापून भागत नाही, पाणी आतच कोंडतं. हातभर जागा मऊ लागली तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.

कीलचा सांधा पुढच्या टोकाला चिरलाय का पाहा. सुरुवातीच्या बऱ्याच बोटींत कीलवरच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट या हलक्या, सच्छिद्र खनिजाचं मिश्रण भरलेलं असे, ते स्पंजसारखं पाणी धरतं. असेल तर खरवडून काढावंच लागतं.

पाण्यात उतरल्यावर बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) ढिला ठेवून शिडाच्या खोबणीतून वर नजर टाका: डोलकाठी डावी-उजवीकडे न वाकता सरळ हवी. ८-१० नॉट वाऱ्यात वाऱ्याआडचा अप्पर श्राउड (डोलकाठीला बाजूने धरणारी वरची तार) जेमतेम सैल पडू लागावा. वारा वाढला की बॅकस्टे ओढा. फोरस्टे (पुढची तार) ताठ होतो, जेनोआ (पुढचं मोठं शीड) सपाट होतं, डोलकाठी वाकून मेनसेलचं (मुख्य शिडाचं) पोट कमी होतं. बहुतेक जण पाच जणांनी चालवतात, क्रूचं एकूण वजन ४०० किलोंच्या आत.

रेसमध्ये कॉकपिटमधल्या खणाचं झाकण खिट्टी लावून बंद ठेवा. स्पिनाकर या फुगीर शिडाखाली आडवी पडलेली जे/२४ याच उघड्या झाकणातून भरून बुडते.