जन्मदाखला नाही म्हणून शाळेने परत पाठवलं. आता सही कोणी करायची?

प्रश्न : आमच्या वसाहतीजवळ उड्डाणपुलाखाली परभणीकडून आलेलं एक फासेपारधी कुटुंब राहतं. आई सिग्नलवर फुगे विकते, वडील अधूनमधून येतात. मी संध्याकाळी त्यांच्या मुलांना शिकवते. ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा यांना महापालिकेच्या शाळेत नेलं. जन्मदाखला नाही, आधार नाही, ऑक्टोबर उजाडला, मुलीला वाचता येत नाही, अशी कारणं देऊन मुख्याध्यापकांनी परत पाठवलं. वर म्हणाले, "फार तर तिला पहिलीत बसवू, पण पालक म्हणून तुम्ही सही करा आणि जन्मतारखेचं प्रतिज्ञापत्रही तुम्हीच द्या." मुलगी गावी काही महिने शाळेत जात होती. मी सही करू का? तिला माझ्या घरी ठेवून घेतलं तर चालेल का? पोलीस म्हणतात, बालगृहात टाका. थोरला भाऊ १५ वर्षांचा आहे. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, आता ढाब्यावर रात्री अकरापर्यंत भांडी घासतो. त्याचं काय?

उत्तर : सही करू नका. बाकी पुष्कळ काही करता येईल, पण त्या अर्जावर पालक म्हणून तुमचं नाव नको.

आधी मुख्याध्यापकांची कारणं बघू. शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. वर्ष निम्मं सरलं म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). वाचता येत नसलं तरी मुलीला तिच्या वयाच्या वर्गात, म्हणजे साधारण पाचवी-सहावीत बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कलम ४ सांगतं. तिला सहा वर्षांच्या पोरांमध्ये बसवलं तर ती आठवडाभरही टिकणार नाही, हे कळायला वकील लागत नाही. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. 'आता जन्मदाखला लागतोच' असंही कोणी सांगेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली ती दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आहे, तुमच्या या दोघांना ती लागू नाही.

मुख्याध्यापकांची अडचण मात्र अगदीच खोटी नाही. संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करताना आधार वैध झालेलेच विद्यार्थी धरतात. बिनआधाराचं मूल पटावर असूनही शिक्षकांची पदं ठरवताना मोजलं जात नाही. हा घोळ सरकारने घातलाय, तो मुख्याध्यापकांनी वरिष्ठांकडे मांडावा. मुलीला दारातून परत पाठवण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

आता सहीकडे येतो, कारण खरी जोखीम तिथे आहे. शिक्षणहक्क कायद्यात पालक म्हणजे आई-वडील, किंवा मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती. इथे आई जिवंत आहे, मुलांसोबत आहे. तिचा अंगठा पुरे, वडिलांची वाट बघायचं कारण नाही. अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून तुम्ही जरूर सही करा. जन्मतारखेचं म्हणाल, तर जी गोष्ट तुम्हाला स्वतःला माहीत नाही ती शपथेवर सांगणं तुम्हाला अंगलट येऊ शकतं. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर वयाचं लेखी घोषणापत्र आईने द्यायचं.

त्याआधी गावच्या शाळेत फोन करा. मुलगी तिथे काही महिने जात होती म्हणजे जनरल रजिस्टरला तिचं नाव असणार, कदाचित ऑनलाइन स्टुडंट आयडीही असेल. ती नोंद हाच तिच्या वयाचा सध्याचा सर्वांत भक्कम कागद. इथे घाईत वेगळी तारीख टाकली तर एकाच मुलीच्या दोन जन्मतारखा होतील, आणि दहावीच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत ते निस्तरत बसावं लागेल. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद बदलून घेणं किती कठीण असतं, हे माझ्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या लोकांना विचारा. गावच्या शाळेचा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी कलम ५ प्रमाणे प्रवेश थांबवता येत नाही.

जातीच्या रकान्याचंही तेच. फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, पण पारध्यांच्या काही पोटजातींची नोंद वेगळ्या प्रवर्गात होते. 'हिंदू पारधी' असं मोघम लिहिलं, किंवा रकाना कोराच ठेवला, तर पुढे जात पडताळणी समितीसमोर हीच मुलगी अडकेल. आईने सांगितलेली जमात अक्षरशः तशीच उतरली आहे ना, हे रजिस्टरमध्ये डोळ्यांनी बघा आणि मगच बाहेर पडा.

पुढच्या खेपेला आईला घेऊन लेखी अर्ज न्या आणि पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर कलम ३२ खाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत लावावा लागतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. पण तीन महिन्यांत वर्षच संपत येईल, म्हणून तक्रारीसोबत शाळाबाह्य मुलांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना किंवा बालरक्षक शिक्षकांना भेटा. कुटुंब पुलाखालून हलणारच नसेल तर ठाण्याचं उदाहरण त्यांच्यापुढे ठेवा. तिथे तीन हात नाक्यावर २०१६ पासून महापालिका आणि एका संस्थेने मिळून पुलाखालीच सिग्नल शाळा चालवली आहे.

मुलीला घरी ठेवून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी उद्या कोणी तक्रार केली तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल. पोलिसांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रस्त्यावर राहणारं मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरतं, पण त्याचं काय करायचं हे बालकल्याण समिती ठरवते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तोच कायदा सांगतो. मुलांना नेलंच तर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीपुढे हजर करावं लागतं. तशी वेळ आली तर आईबरोबर तुम्हीही जा आणि शाळेच्या अर्जाची पोच दाखवा. मुलीने राहूनच शिकावं असं आईला वाटत असेल तर आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेची चौकशी करा. तिथेही जमातीचा पुरावा लागेल.

थोरल्याचं प्रकरण नाजूक. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रवेश घेतलेल्याला चौदा वर्षांनंतरही आठवीपर्यंत मोफत शिकता येतं, पण चौदा उलटल्यावर नव्याने येणाऱ्याला शाळा तांत्रिक अडचणी दाखवतील. त्याला महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा रस्ता सोयीचा पडेल. तिथे पाचवी आणि आठवी स्तराच्या परीक्षा आहेत, रोज वर्गात बसावं लागत नाही. ढाब्यावर रात्री अकरापर्यंत काम मात्र बेकायदा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांकडून संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम करून घेता येत नाही, आणि दिवसाचे तास विश्रांती धरून सहाच. तक्रार करण्याआधी त्याच्याशी आणि आईशी बोला, कारण घरातला रोजचा नक्की पैसा बहुधा तोच आणत असेल. मालकाला वेळा बदलायला सांगून बघा. त्याने ऐकलं नाही तर १०९८ वर कळवा किंवा कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.