जाळ्यातून वर आलेलं कासव हालचाल करत नसेल तर काय करावं?

लगेच समुद्रात सोडू नका. निपचित कासव बऱ्याचदा जिवंत असतं. जाळ्यात अडकल्यामुळे त्याला श्वासासाठी वर येता आलेलं नसतं, फुप्फुसात पाणी गेलेलं असतं. तसंच सोडलं तर ते नक्की बुडतं.

पाय किंवा शेपटी धरून ओढू नका, कवच पुढून-मागून धरून उचला. पोट खाली ठेवून मागची बाजू निदान 15 सेंमी उंच करा, म्हणजे पाणी तोंडावाटे निथळेल. उताणं करून छाती दाबणं हा सर्रास होणारा प्रकार आहे, त्याने नुकसानच होतं. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं घाला. नाकपुड्या मात्र मोकळ्या हव्यात. शुद्धीवर यायला 4 ते 24 तास लागू शकतात, मधूनमधून पापणीला हलकेच स्पर्श करून पाहा. गळ गिळला असेल तर उपसू नका, दोरी तोंडाजवळ कापा.

सोडताना इंजिन न्यूट्रलला ठेवा, जाळं पाण्यात नको.

जाळं कापावं लागलं तर आधी फोटो काढा: महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना डिसेंबर 2018 पासून आहे, आणि फोटोशिवाय दावा टिकत नाही.