तुमचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं: टाचेवरचा काळा डाग, बायोप्सी आणि वारी

प्रश्न: रामकृष्ण हरी डॉक्टर ताई. वय ६१, सातारा जिल्ह्यात राहतो, ऊसशेती आहे. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला तीनेक वर्षांपासून काळा तीळ होता, तिळाएवढाच. घरचे म्हणायचे तळपायाला तीळ म्हणजे प्रवासाचा योग, आणि माझी १९ वर्षं वारी चुकली नाही म्हणून मलाही ते खरंच वाटायचं. पण दिवाळीपासून तो वाढतोय, आता रुपयाच्या नाण्याच्या निम्मा झालाय, एका बाजूला गडद काळा आणि दुसऱ्या बाजूला फिका तपकिरी, कड वेडीवाकडी. दुखत नाही, खाजत नाही. मध्ये गावातल्या एकाने चुना लावायला सांगितला तो दोनदा लावला, आग झाली म्हणून सोडला. साताऱ्याच्या स्किनच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि बायोप्सी करू म्हणाले, तारीख दिलीय ती नेमकी एकादशीची. पालखी निघायला दीड महिना आहे. मंडळी म्हणतेय सुरी लागली की पसरतं, वारी करून या मग बघू. मला शुगर आहे, तीन वर्षांपूर्वी हार्टमध्ये स्टेंट बसवलाय, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत. उपाशीपोटी जायचं का, गोळ्या बंद करायच्या का आणि वारीनंतर केलं तर चालेल का?

उत्तर: रामकृष्ण हरी काका. तुमचं पत्र आल्यावर आपण फोनवर बोललोच, पण अशीच पत्रं सारखी येतात म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा. नाही, वारीनंतर नको, दिलेल्या तारखेलाच जा. हे तुम्हाला घाबरवायला म्हणत नाहीये, टाचेवरचा काळा डाग कितीतरी वेळा साधाच निघतो. चालून चालून घासून कातडीच्या वरच्या थरात रक्त साकळतं त्याचाही काळा डाग होतो आणि तो वारकऱ्यांच्या आणि खेळाडूंच्या टाचेला हमखास दिसतो, डॉक्टरांनी ब्लेडने वरवर खरवडला की निघून जातो. कुरूप असतं, चामखीळ असते, एक बुरशीही अशीच काळी दिसते. पण तुमच्या डॉक्टरांनी भिंगातून बघूनही बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, सांगितली म्हणजे त्यांना त्यात काहीतरी खटकलंय. ते काय ते तुम्हाला सोपं करून सांगते, तुम्ही ऊस लावता म्हणून लगेच कळेल. तळपायाच्या कातडीला बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात, अगदी सरी-वरंबा असावा तशा. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत बसलेला दिसतो आणि ज्याची शंका घ्यायची त्याचा रंग वरंब्यावर पसरलेला दिसतो. शिवाय दोन रंग, वेडीवाकडी कड, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आकार आणि काही महिन्यांत झालेली वाढ, ह्या चारही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. दुखत नाही ह्यावर जाऊ नका, हा आजार सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

ज्याची शंका आहे त्याला मेलानोमा म्हणतात, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्या सावळ्या लोकांत तो एकूण कमीच होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखालीच जास्त सापडतो, उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली ह्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच सापडला, आधी फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं होतं, आणि १९८१ साली ३६व्या वर्षी ते गेले. माझ्या स्वतःच्या मामांनी अंगठ्याच्या नखाखालचा काळा पट्टा ठेच लागलीय म्हणून दीड वर्ष अंगावर काढला. मी तेव्हा शिकत होते, सुट्टीत घरी गेले की ते पाय धोतराखाली झाकून बसायचे आणि मी कधी विचारलं नाही. ते मला अजून लागतं, म्हणून तळपायाचा डाग म्हटलं की मी कुणालाही थांब म्हणत नाही.

आता काकूंना सांगा, सुरी लागल्याने पसरतं हे खरं नाही. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही, तो पसरतो तो तसाच ठेवल्याने, कारण तो कातडीत खाली खाली उतरत जातो. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासणारे डॉक्टर, नेमकी ती खोली मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचं बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर भोवतीची साधारण एक सेंटिमीटर चांगली कातडीही घेऊन डाग काढतात आणि पुष्कळ पेशंटना तेवढंच पुरतं. खोल गेला असेल तर दोन सेंटिमीटरपर्यंत घेतात आणि आजार पोचलाय का ते बघायला जांघेतली लसिकाग्रंथीही तपासावी लागते. वारी करून आल्यावर तो आकडा कमी झालेला नसणार, एवढं मात्र नक्की.

आणि हिशेब तुम्हीच घालून बघा. ह्या एकादशीला केलं तर आठ-दहा दिवसांत रिपोर्ट, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतील, तळपायाला कधी थोडे जास्त दिवसही ठेवतात, आणि त्यानंतर पालखीपर्यंत तीन-चार आठवडे उरतात. रिपोर्ट चांगला आला आणि जखम भरली तर आळंदीपासून चालायचं की वाटेत कुठेतरी दिंडीला गाठायचं हे डॉक्टरांना दाखवून ठरवता येईल. शुगरमुळे जखम उशिरा भरू शकते म्हणून मी आत्ता शब्द देत नाही, पण लवकर केलं तरच ही शक्यता उरते.

तयारीचं आता. उपाशी जायचं नाही. ही बायोप्सी फक्त तेवढा भाग बधिर करून होते, त्याला उपाशीपोटाची गरजच नसते, उलट उपाशी आणि घाबरलेला माणूस टेबलावर चक्कर येऊन पडतो आणि तुम्ही शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर ते जास्तच धोक्याचं. एकादशी मोडायची नसेल तर मोडू नका पण निर्जळी नको, भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटभर खाऊन जा, साबुदाण्यापेक्षा तुम्हाला तेच बरं, आणि रोजची गोळी त्या खाण्याबरोबर घ्या. पाणी पीत राहा.

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा. स्टेंट असताना त्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते जिवावर बेततं, इथे मात्र थोडं जास्त रक्त आलं तर बोटाने दाबून थांबतं. डॉक्टरांना आधीच फोन करून सांगा की दोन्ही गोळ्या चालू आहेत, म्हणजे ते जास्त वेळ दाबून धरायची, टाक्यांची तयारी ठेवतील. गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घाला, नावं पाठ करायची गरज नाही. कुणाचं ऐकून लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, कसलं चूर्ण घेत असाल तर तेही सांगा. पूर्वी दात काढताना इंजेक्शनने त्रास झाला असेल तर तेही, आणि ज्या वाचकांना पेसमेकर आहे त्यांनी तो आवर्जून सांगायचा, कारण रक्त थांबवायला कधी कधी विजेचं मशीन वापरतात. चुना लावला होता हे लपवू नका काका, लाजायचं काही नाही त्यात, भाजलेल्या कातडीचं चित्र मायक्रोस्कोपखाली वेगळं दिसतं आणि पॅथॉलॉजिस्टना ते माहीत असलेलं बरं.

आदल्या दिवशी मुलाला मोबाइलवर डागाचा फोटो काढायला सांगा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. सकाळी पाय साबणाने स्वच्छ धुवा, तेल, मलम, हळद काही लावू नका. सैल पायजमा घाला आणि टाच मोकळी राहील अशी थोडी मोठी चप्पल न्या, कारण येताना पायाला जाडजूड पट्टी असणार. गाडी चालवत जाऊ नका, उजवा पाय आहे, येताना ब्रेक कसा दाबणार.

प्रत्यक्षात काय होतं तर पालथं झोपवतात, जागा पुसतात आणि बधिर करायचं इंजेक्शन देतात. ते तळपायाला दुखतं, मी खोटं सांगणार नाही, पंधरा-वीस सेकंद चांगलंच झोंबतं आणि मग ती जागा मेल्यासारखी होते. त्या औषधात बहुतेक वेळा अॅड्रिनलिन असतं म्हणून मिनिटभर छातीत धडधडल्यासारखं वाटू शकतं, स्टेंट असल्याचं डॉक्टरांना त्याच्यासाठीही आधी सांगा. पुढे ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळेल पण दुखणार नाही, आणि दुखलंच तर लगेच बोला, अजून औषध देता येतं. डाग लहान असेल तर कडेची एक-दोन मिलिमीटर कातडी घेऊन पूर्ण काढतात. तुमच्यासारखा मोठा आणि टाचेवरचा असेल तर कधी सगळ्यात काळ्या भागाचा तुकडा घेतात. तसं केलं तर एक विचारून ठेवा, तुकड्यात काही निघालं नाही पण शंका राहिली तर पुढे काय. पुन्हा घ्यावं लागलं तर नाही म्हणू नका.

ह्याच्यापुढची गोष्ट फार कमी लोक सांगतात आणि मला तीच जास्त तळमळीने सांगावीशी वाटते. तो तुकडा फॉर्मेलिन ह्या तुकडा टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीत टाकतात आणि आपल्याकडे पुष्कळ वेळा नातेवाइकालाच ती लॅबला नेऊन द्यायला सांगतात. निघायच्या आधी बाटलीवर तुमचं नाव, वय, तारीख आणि उजवी टाच असं लिहिलंय का ते मुलाला वाचायला सांगा, सोबतच्या चिठ्ठीवरही तेच हवं. तुकडा औषधात पूर्ण बुडालेला असावा, झाकण घट्ट, त्यात पाणी घालायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, त्याच दिवशी पोचवायचं. पावती जपा. रिपोर्ट आल्यावर कागदाबरोबरच ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचा काचेवरचा पातळ काप) ह्यांच्याबद्दल विचारा, पुढे परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा दुसरीकडे मत घ्यायची वेळ आली तर ते तोच ब्लॉक मागतात.

घरी आल्यावर दोन दिवस पाय उशीवर, चालणं संडास-बाथरूमपुरतं, जनावरांच्या गोठ्यात तर टाके निघेपर्यंत नकोच. पट्टी ओली होऊ द्यायची नाही, अंघोळीला पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून पाय बाहेर ठेवा. रक्त झिरपलं तर स्वच्छ कापड ठेवून पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, तरी थांबलं नाही तर दवाखाना. दुखलं तर पॅरासिटामॉल, दुकानातून दुसरी कुठली पेनकिलर आणू नका, तुमच्या गोळ्यांबरोबर ती चालत नाही. ठणका वाढत गेला, पू आला, ताप आला तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. रोज शुगर तपासा.

प्रश्न: वय २६, पुणे. वरच्या ओठाच्या वर उंचवट्याचा तीळ आहे, लहानपणापासून तेवढाच. तीन महिन्यांनी लग्न आहे, पार्लरमध्ये लेझरने दहा मिनिटांत जाळून देतो म्हणतात. करू का?

उत्तर: पार्लरमध्ये नको. वर्षानुवर्षं तेवढाच असलेला असा तीळ बहुतेक वेळा साधाच असतो, पण जाळला की तपासायला काही उरतच नाही. माझ्याकडे एक पेशंट आल्या होत्या, जाळलेला तीळ दोनदा परत उगवला होता आणि आधीचा तीळ कसला होता हे सांगणारा एक कागदही त्यांच्याकडे नव्हता, आम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. स्किनच्या डॉक्टरांकडून वरवर कापून किंवा टाके घालून काढून घे आणि तुकडा तपासायला पाठवायला सांग, लॅबचे पैसे वेगळे असतात ते आधी विचार. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात पण जागेचा लालसरपणा काही महिने राहतो, म्हणून करायचं तर ह्याच आठवड्यात, आणि नंतर रोज सनस्क्रीन. नाहीतर लग्नानंतर कर, ह्यात घाई करण्यासारखं काही नाहीये.

प्रश्न: वडिलांच्या पाठीवरच्या तिळाची बायोप्सी होऊन बारा दिवस झाले. आता लॅबवाले म्हणतात अजून एक तपासणी लागेल, त्याचे जास्तीचे पैसे भरा. म्हणजे कॅन्सरच आहे का? आई जेवत नाहीये.

उत्तर: नाही, तसा अर्थ काढू नका. त्या तपासणीला आयएचसी म्हणतात, त्याच तुकड्याच्या पातळ कापावर एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए अशा नावांचे खास रंग चढवून पेशी कुठल्या आहेत ते ओळखतात. नुसत्या साध्या रंगाने पॅथॉलॉजिस्टना खात्री पटली नाही, एवढंच ह्यातून कळतं, आणि खात्री नसताना घाईने सही न करणारा पॅथॉलॉजिस्ट मिळालाय हे तुमच्या वडिलांसाठी चांगलंच आहे. वडिलांना पुन्हा कापायची गरज नसते. ह्याला आणखी चार-सहा दिवस जातात, पैसे आजच भरा म्हणजे तेवढेच दिवस लागतील, आणि रिपोर्ट लॅबच्या काउंटरवर उघडून वाचू नका, ज्या डॉक्टरांनी बायोप्सी केली त्यांच्यासमोर बसून वाचा. आईलाही बरोबर न्या, त्यांचे प्रश्न त्यांना स्वतः विचारू द्या.