सेंटरला, केंद्रात की मधोमध?

खानापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : 'टेबल हॉलच्या सेंटरला ठेव', 'आमचं घर बेळगावात अगदी सेंटरला आहे' अशी वाक्यं घरात सर्रास चालतात. तिथं 'केंद्र' म्हणावं का?

नको. 'टेबल हॉलच्या केंद्रात ठेव' असं कुणीच बोलत नाही. तिथला आपला शब्द 'मधोमध'. घराचं म्हणाल तर ते नकाशावर शहराच्या मधोमध आहे असं सांगायचंच नसतं. बाजार, स्टँड, दवाखाना सगळं हाकेच्या अंतरावर आहे, हे सांगायचं असतं. म्हणून 'भर बाजारात' किंवा 'भर वस्तीत'. लिहिताना 'मध्यवर्ती ठिकाणी'. हा शब्द पुस्तकी वाटेल, पण बेळगावकरांच्या कानावरून तो रोज जातो : मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समिती, हिंडलग्याचं मध्यवर्ती कारागृह. अर्थात समितीच्या नावात तो जागा सांगत नाही, तालुक्या-तालुक्यांतल्या समित्यांना जोडणारी समिती असं सांगतो.

गंमत अशी की 'केंद्र' आणि 'सेंटर' मुळात भाऊच. ग्रीक 'केन्ट्रॉन', म्हणजे टोचणारं टोक, कंपासचा रोवलेला पाय. तो शब्द ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि 'केंद्र' झाला. लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि 'सेंटर' झाला. पत्रिकेत तर पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं अशी चार केंद्रस्थानं असतात. म्हणजे केंद्र हा मधल्या जागेचा सरसकट शब्द कधीच नव्हता. भूमितीत वर्तुळाला केंद्र असतं, रेषाखंडाला मात्र मध्यबिंदू.

मला खरं खटकतं ते 'सेंटरमध्ये लाव'. फोटो भिंतीवर लावताना हे हमखास ऐकू येतं. 'मध्ये' हा प्रत्ययासारखा वापरतो तो शब्द 'मध्य'वरूनच आलेला. म्हणजे 'मध्यामध्ये लाव' असं झालं. 'बरोब्बर मधोमध लाव' म्हटलं की काम होतं.

आपल्याकडे दोन्ही भाषा बोलणारे पुष्कळ. त्यांनी कन्नडातला 'नट्टनडुवे' आठवावा. 'नडुवे' म्हणजे मध्ये, आणि अगदी नेमकं मध्ये सांगायचं तर 'नट्टनडुवे'. 'मधोमध'मध्येही तसंच, शब्द दुणावून नेमकेपणा आणलाय. शेजारच्या दोन भाषांत इतके ठसठशीत शब्द असताना दोघींनी 'सेंटर'वर यावं, याचं मला वाईट वाटतं.

'मधली सुट्टी', 'मधल्या वेळचं खाणं', 'मध्ये बोलू नकोस', 'मधी चार दिवस आजारी होतो' यांत सेंटर अजून शिरलेलं नाही, शिरणारही नाही. झेरॉक्स सेंटर मात्र खुशाल झेरॉक्स सेंटरच म्हणा. दहावीच्या पोरानं 'माझं सेंटर निपाणीला पडलंय' म्हटलं तरी चालेल. परीक्षेपुरता 'केंद्र'ही तितकाच रुळलेला आहे. टेबल तेवढं मधोमध ठेवा.